निष्पर्ण वृक्षांची छायाचित्रे : दिसणे आणि घडणे

चित्रांचा अभ्यास करणाऱ्यांची एक जुनी रीत आहे. दोन चित्रे शेजारी शेजारी मांडावयाची, त्यांत काय दाखविले आहे हा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवावयाचा, आणि डोळ्यांस प्रत्यक्ष काय दिसते तेवढेच पाहावयाचे. रेषा कशा धावतात, आकार कोठे बसले आहेत, काळ्यापांढऱ्यामधील छटा किती आहेत, पृष्ठभागाचा पोत कळतो की नाही, आणि चौकटीतील मोकळ्या अवकाशाचे काय केले आहे, हे पाच प्रश्न विचारले की चित्र बोलू लागते. कलाशाळांतून ही रीत आज सर्वत्र शिकविली जाते आणि ती उपयोगाची आहे, यात शंका नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला तेवढ्यावर थांबता येत नाही. दोन चित्रे सारखी दिसली, म्हणजे ती सारख्याच कारणाने तशी झाली का, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतोच. ह्या लेखात आम्ही तो प्रश्न एका लहानशा क्षेत्रापुरता तपासणार आहोत. ते क्षेत्र म्हणजे हिवाळ्यात पाने गळून गेलेल्या झाडांची छायाचित्रे.

हाच विषय का घेतला, हे प्रथम सांगितले पाहिजे. आमच्या महाराष्ट्रात पानगळ आणि थंडी यांची जोडी तशी ढिली आहे. पळस, पांगारा, सावर ही झाडे निष्पर्ण होतात ती जणू फुलण्यासाठीच; आणि सागाचे खराटे होतात ते उन्हाच्या दिवसांत. युरोपात व उत्तर अमेरिकेत मात्र ओक, बीच, एल्म ही झाडे शरदाच्या अखेरीस पाने टाकतात आणि वसंतापर्यंत उघडी उभी राहतात. अशा झाडाला रंग नाही, पानांची सळसळ नाही, फुलांचे आकर्षण नाही. उरतो तो केवळ सांगाडा. त्यामुळे एका छायाचित्रकाराने काय केले आणि दुसऱ्याने काय केले, ह्यातील भेद अशा झाडापाशी फार स्वच्छ दिसतो. व्याख्यानात ही चित्रे पडद्यावर दाखविता येतात. छापील पानावर ती शब्दांनीच उभी करावी लागणार. वाचकांनी तेवढे सांभाळून घ्यावे.

आरंभ अर्थातच विल्यम हेन्री फॉक्स टॉल्बट यांच्यापासून केला पाहिजे. टॉल्बट हे इंग्लंडातील विल्टशायर परगण्यातल्या लेकॉक अ‍ॅबी ह्या वाड्याचे धनी. गणित, वनस्पतिशास्त्र आणि रसायन ह्यांत त्यांना चांगली गती होती, पण चित्र काढणे त्यांना साधत नसे. 1833 च्या ऑक्टोबरात इटलीतील कोमो सरोवराच्या काठी ते कॅमेरा ल्युसिडा नावाचे उपकरण घेऊन देखाव्याचे रेखाटन करीत बसले होते. हाताने साथ दिली नाही. तेव्हा निसर्गाने स्वतःच कागदावर आपले चित्र उमटवावे असे काही करता येईल का, हा विचार त्यांच्या मनात आला. 1835 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी आपल्या वाड्यातील एका जाळीदार खिडकीचे टपालाच्या तिकिटाएवढे उलटे चित्र कागदावर मिळविले. पुढे 1839 च्या जानेवारीत पॅरिसमध्ये डागेर यांच्या शोधाची वार्ता जाहीर झाली आणि टॉल्बट यांनाही आपले प्रयोग घाईघाईने जगापुढे मांडावे लागले. परंतु त्यांचे खरे यश आले ते 1840 च्या सप्टेंबरात. प्रकाशाने कागदावर डोळ्यांस न दिसणारा असा संस्कार आधीच झालेला असतो आणि गॅलिक आम्ल व चांदीचा क्षार यांच्या मिश्रणाने तो मागाहून प्रकट करता येतो, हे त्यांच्या ध्यानात आले. ह्या पद्धतीला त्यांनी कॅलोटाइप हे नाव दिले. आधी ज्या कामाला अर्धा अर्धा तास किंवा त्याहूनही अधिक वेळ लागे, ते आता चांगल्या उजेडात काही मिनिटांत होऊ लागले.

ह्या पद्धतीने 1842-43 च्या सुमारास टॉल्बट यांनी लेकॉक येथील एका ओक वृक्षाचे हिवाळ्यात चित्र घेतले. झाड चौकटीच्या मध्यावर एकटे उभे आहे. बुंध्यापासून मोठ्या फांद्या, त्यांच्यापासून लहान फांद्या, त्यांच्यापासून काड्या, असा पसारा चहूकडे फाकलेला आहे. मागे आकाश म्हणून काही नाही. कोरा कागद आहे. आमच्या पाच प्रश्नांची उत्तरे सरळ आहेत. रेषा हेच सर्वस्व. छटा मोजक्या. सालीचा पोत जवळजवळ नाही. अवकाश रिकामा आणि सपाट. पाहणाऱ्याला वाटावे की एखाद्या निष्णात चित्रकाराने शाईच्या कुंचल्याने, जे अनावश्यक ते सगळे गाळून, हे झाड काढले आहे.

पण टॉल्बट यांनी काही गाळले नव्हते. चांदीच्या आयोडाइडवर निळ्याजांभळ्या प्रकाशाचाच परिणाम होतो. हिरवा व तांबडा प्रकाश त्याला जवळजवळ कळत नाही. आकाशाचा निळसर उजेड कागदावर इतका जोराने उमटे की निगेटिव्हमध्ये आकाश काळेकुट्ट होई, आणि छापलेल्या प्रतीत तेवढी जागा कोरी राही. तेव्हा कोरे आकाश ही त्यांची निवड नसून त्या क्षाराचा स्वभाव होता. पोत बुजला तोही कागदामुळे. निगेटिव्हच कागदाचे असल्याने सकारात्मक प्रत छापताना प्रकाश कागदाच्या तंतूंतून गाळला जाई आणि बारकावे मऊ पडत. इतकेच काय, निष्पर्ण झाड घेण्यातही सोय होती. काही मिनिटे कॅमेरा उघडा राहिला तर पानांनी भरलेले झाड वाऱ्याने हलून धुरकट होते. उघड्या फांद्या त्या मानाने स्थिर राहतात. म्हणजे ह्या चित्रात डोळ्यांस जो संयम दिसतो, त्यातील पुष्कळसा भाग साधनाच्या मर्यादेने लादलेला आहे. टॉल्बट यांचा मोठेपणा निराळ्या ठिकाणी आहे. आपले साधन काय करू शकते हे ओळखून त्यांनी त्याला नेमका झेपेल असा विषय पुढे ठेवला. वनस्पतिशास्त्र जाणणाऱ्याची नजर तेथे कामी आली.

आता साठ वर्षे ओलांडून न्यूयॉर्क शहरात जावयाचे आहे. मधल्या काळात कागदी निगेटिव्ह मागे पडून काच आली होती, कोरड्या प्लेटा बाजारात विकत मिळू लागल्या होत्या, आणि 1873 मध्ये हेर्मान फोगेल ह्या जर्मन रसायनज्ञाने विशिष्ट रंगद्रव्ये मिसळून प्लेटेला हिरव्यापिवळ्या प्रकाशाचीही जाण देता येते हे दाखविले होते. चित्र उमटेल की नाही ही काळजी संपली होती. तिच्या जागी दुसरी आली : बटण दाबून कोणालाही मिळणारे चित्र ही कला कशी म्हणावी? आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांनी 1902 मध्ये ह्याच प्रश्नासाठी आपल्या समविचारी मंडळींचा एक गट काढला आणि 1903 च्या आरंभी ‘कॅमेरा वर्क’ हे त्रैमासिक सुरू केले.

त्याच सुमारास मॅडिसन चौकाच्या टोकाशी फ्लॅटआयर्न ही निमुळती उंच इमारत उभी राहिली. ती 1902 मध्ये पुरी झाली. त्या हिवाळ्यातील बर्फाच्या दिवसांत स्टीग्लिट्झ यांनी तिचे छायाचित्र घेतले. परंतु ह्या चित्रात डोळा प्रथम जातो तो इमारतीकडे नव्हे. अगदी पुढे एका झाडाचा काळा, दुभंगलेला बुंधा उभा आहे आणि त्याच्या बेचक्यात बर्फ साठला आहे. त्याच्यामागे बागेतील झाडांची रांग. आणि तिच्याही मागे, धुक्यात विरघळत असलेली, कागदाच्या घडीसारखी हलकी अशी ती इमारत. जवळचे ते काळे, दूरचे ते फिके, अशी छटांची उतरंड लावून अवकाशाची खोली निर्माण केली आहे. जपानी लाकडी ठशांच्या चित्रांचा त्या पिढीवर जो प्रभाव होता तो येथे दिसतो. टॉल्बट यांच्या ओकामागे काहीच नव्हते. येथे झाडामागे हवा आहे.

स्टीग्लिट्झ यांचे तरुण सहकारी एडवर्ड स्टायकेन यांनी 1904 मध्ये हीच इमारत सांजवेळी घेतली. रस्ता ओला आहे, घोडागाड्यांचे हाकारे टोप्या घालून बसले आहेत, आणि वरच्या बाजूने एक उघडी फांदी चित्रभर आडवी आली आहे. इतिहासाच्या दृष्टीने ह्या चित्राची मौज अशी की एकाच निगेटिव्हपासून स्टायकेन यांनी केलेल्या तीन मोठ्या प्रती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. स्टीग्लिट्झ यांनीच त्या 1933 मध्ये तेथे दिल्या. ह्या प्रतींची कृती समजून घेण्यासारखी आहे. आधी प्लॅटिनमच्या क्षाराने प्रत छापावयाची. मग तिच्यावर डिंक, रंग आणि बायक्रोमेट ह्यांचे मिश्रण फासून ती पुन्हा निगेटिव्हखाली उजेडात ठेवावयाची. उजेड लागेल तेथे डिंक घट्ट होतो; न लागेल तेथे तो पाण्याने धुऊन जातो, आणि त्याबरोबर रंगही. हा थर किती द्यावा, कोणत्या रंगाचा द्यावा, कोठे अधिक धुवावे, हे सर्वस्वी करणाऱ्याच्या हाती. त्यामुळे तिन्ही प्रतींतील फांदी रेषेने तंतोतंत तीच असली, तरी एकीत संध्याकाळ नुकती उतरते आहे आणि दुसरीत ती रात्रीकडे झुकली आहे असे वाटते. घड्याळाचा क्षण एकच होता. छटा बदलताच वेळ बदलली.

येथे आमच्या हाती एक उपयुक्त भेद लागतो. निष्पर्ण झाडाच्या चित्रात रेषा ही बहुतांशी झाडाची असते. छायाचित्रकार फार तर उभे राहण्याची जागा निवडतो. फांद्या त्याने वळविलेल्या नसतात. छटा मात्र साधनाची आणि माणसाची असते. टॉल्बट यांच्याकडे ती साधनाने ठरविली, स्टायकेन यांच्याकडे माणसाने. म्हणून दोन चित्रांची तुलना करताना सर्वच दृश्यघटकांना एका पंक्तीत बसविणे बरोबर नाही. कोणता घटक जगाकडून आला, कोणता रसायनाकडून आणि कोणता मनाकडून, हे वेगळे काढावे लागते.

कधी कधी मात्र ह्या तिघांवरही चौथ्याचे दडपण येते, आणि तो चौथा म्हणजे काळ. योसेफ सुडेक हे प्रागमधील छायाचित्रकार. पहिल्या महायुद्धात त्यांनी उजवा हात गमावला, आणि तरीही मोठा लाकडी कॅमेरा खांद्यावर वाहून ते आयुष्यभर काम करीत राहिले. 1939 च्या मार्चमध्ये हिटलरच्या सैन्याने प्राग घेतले. उघड्यावर कॅमेरा लावून हिंडणे कठीण झाले. 1940 पासून सुडेक यांनी आपल्या चित्रशाळेच्या खिडकीकडे कॅमेरा वळविला आणि 1954 पर्यंत ते त्या एका खिडकीची चित्रे घेत राहिले. बाहेरच्या लहानशा अंगणात एक वाकडेतिकडे सफरचंदाचे झाड होते. हिवाळ्यात खिडकीच्या काचेवर आतून दव धरे, कधी बर्फ गोठे, आणि त्या काचेतून ते उघडे झाड पुसट दिसे.

ह्या चित्रांत झाडाची रेषा मोडलेली आहे. पोत आहे, पण तो सालीचा नाही; काचेवरच्या थेंबांचा आणि ओघळांचा आहे. अवकाश कोरा नाही आणि खोलही नाही. आत आणि बाहेर ह्यांच्यामध्ये एक ओलसर पडदा उभा आहे. त्या सुमारास सुडेक यांनी प्रती मोठ्या करणेही सोडले. निगेटिव्ह जेवढे, तेवढीच प्रत, कागदाला चिकटवून छापलेली. त्यामुळे करड्या छटांची जी बारीक वीण मिळते ती मोठ्या प्रतीत टिकत नाही. आता ह्या पुसटपणाची तुलना टॉल्बट यांच्या मऊपणाशी करून पाहावी. दोन्हीकडे झाडाचे बारकावे हरवलेले दिसतात. पण एकाकडे ते कागदाच्या तंतूंत हरवले, तर दुसऱ्याकडे उत्तम भिंग आणि उत्तम प्लेट हाती असता, घराबाहेर मोकळेपणी उभे राहता येत नव्हते म्हणून, हरवू दिले. केवळ डोळ्यांवर विसंबणारा समीक्षक ह्या दोघांना मृदुतेच्या एकाच सदरात घालील. तसे केल्याने सहा वर्षांची परकी सत्ता त्या काचेवरून पुसली जाईल.

शेवटची जोडी अमेरिकेतील आहे. अँसेल अ‍ॅडम्स हे मुळात पियानोचे विद्यार्थी. निगेटिव्ह म्हणजे संगीताची लिहिलेली बंदिश आणि छापलेली प्रत म्हणजे प्रत्यक्ष मैफल, अशा आशयाची उपमा ते देत. 1940 च्या सुमारास फ्रेड आर्चर ह्यांच्यासह त्यांनी एक पद्धत बसविली. निखळ काळ्यापासून निखळ पांढऱ्यापर्यंतच्या छटा शून्य ते दहा अशा पायऱ्यांनी मोजावयाच्या, आणि देखाव्यातील कोणता भाग कोणत्या पायरीवर बसवावयाचा हे चित्र घेण्यापूर्वीच ठरवावयाचे. एव्हाना सर्व रंगांची जाण असलेल्या फिल्म मिळत होत्या; रंगीत काचा भिंगापुढे धरून आकाश हवे तितके गडद करता येत होते. टॉल्बट यांना जे रसायनाने नाकारले होते ते सगळे येथे हिशेबाने हाती आले.

1948 मध्ये अ‍ॅडम्स यांनी योसेमिटीच्या दरीत बर्फवृष्टीत उभा असलेला एक ओक घेतला. फांदीन् फांदी बर्फाने लिंपली आहे आणि मागे अरण्य करडेपणात बुडाले आहे. परिणाम असा की गडद झाड पांढरे झाले आहे आणि पार्श्वभूमी त्याहून काळोखी. ह्या ओकाशेजारी लेकॉकचा ओक मांडावा, पण त्याची छापलेली प्रत नव्हे, मूळ निगेटिव्ह. त्यातही झाड उजळ आणि आकाश काळे आहे. एकशेपाच वर्षांच्या अंतराने दोन पांढरे ओक समोरासमोर उभे राहतात. एकाला पांढरे केले ते चांदीच्या क्षाराच्या उलट्या न्यायाने, आणि दुसऱ्याला खऱ्याखुऱ्या बर्फाने. बर्फ वितळला की दुसरा ओक पुन्हा काळा होणार. पहिला मात्र त्या कागदावर कायम उजळच राहणार.

1941 मध्ये अ‍ॅडम्स डेट्रॉइट येथे हौशी छायाचित्रकारांना शिकवावयास गेले. त्या मंडळींत हॅरी कॅलहॅन नावाचा मोटार कंपनीत नोकरी करणारा एक तरुण होता. अ‍ॅडम्स यांचे काम पाहून त्याने छायाचित्रण हेच आयुष्याचे काम मानले. 1946 पासून तो शिकागोच्या इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये शिकवू लागला. पण शिष्याने गुरूची वाट धरली नाही. 1943 मध्ये त्याने डेट्रॉइटजवळ बर्फातून वर आलेल्या गवताच्या काड्यांचे चित्र घेतले आणि ते असे छापले की बर्फाचा सगळा कणीदार पोत नाहीसा होऊन कागदावर केवळ काळ्या रेघा उरल्या. 1950 च्या सुमारास शिकागोत सरोवराच्या काठच्या उघड्या झाडांचेही त्याने तसेच केले. पांढऱ्या शुभ्र पसाऱ्यावर काळे बुंधे, काळ्या फांद्या; मधल्या छटांना जवळजवळ रजा दिलेली.

आता कॅलहॅनची झाडे आणि टॉल्बट यांचा ओक शेजारी मांडा. रेषा : दोन्हीकडे प्रधान. छटा : दोन्हीकडे मोजक्या. पोत : दोन्हीकडे क्षीण. अवकाश : दोन्हीकडे कोरा. पाच प्रश्नांच्या परीक्षेत ही दोन चित्रे सख्खी भावंडे ठरतात. आणि नेमक्या ह्याच ठिकाणी ती परीक्षा अपुरी पडते. टॉल्बट यांच्यापाशी मधल्या छटा फारशा नव्हत्या. कॅलहॅनपाशी गुरूने हाती दिलेल्या शून्य ते दहा सगळ्या पायऱ्या होत्या, आणि त्याने बहुतेक परत केल्या. एकाचे दारिद्र्य होते, दुसऱ्याचा त्याग होता. दोघांचीही पाने कोरडीच दिसतात. पण उपास घडलेला माणूस आणि उपास धरलेला माणूस ह्यांत आपण नेहमीच्या व्यवहारात भेद करतो. चित्रांच्या बाबतीत तो का करू नये?

ह्याला कोणी आक्षेप घेईल की चित्राचा आस्वाद घेताना हा सगळा जमाखर्च कशाला? डोळ्यांना जे दिले तेवढेच चित्र. आमचे उत्तर असे आहे की आस्वाद एकाच चित्राचा असेल तर हे चालेल. तुलना करू लागताच चालणार नाही. तुलना म्हणजे साम्य आणि भेद ह्यांचा निवाडा. निवाड्याला साक्षीपुरावा लागतो, आणि चित्राची तारीख, त्याचा कागद, त्याचे रसायन, करणाऱ्याच्या भोवतालची परिस्थिती हाच तो पुरावा. तो वगळला तर आपण मर्यादेला शैली म्हणू, शैलीला मर्यादा म्हणू, आणि सुडेकच्या खिडकीवरील दवाला केवळ एक सुंदर परिणाम समजून पुढे जाऊ.

आज ह्या गोष्टीला एक नवे निकडीचे कारण मिळाले आहे. आता यंत्राला चार शब्द सांगितले की ते बर्फातील ओकाचे चित्र क्षणात करून देते. त्यात रेषा असतात, छटा असतात, सालीचा पोत असतो, मागे धुकेही असते. पाचही प्रश्नांत ते चित्र पहिल्या वर्गात उत्तीर्ण होईल. मात्र ते झाड कोठेही उभे नव्हते. त्याच्या फांद्यांची रेषा झाडाची नाही, कारण झाडच नाही. जी रेषा आम्ही आतापर्यंत जगाकडून आलेली म्हणून धरीत होतो तीही येथे दुसऱ्या हजारो चित्रांकडून उसनी आलेली आहे. अशा चित्राचा द्वेष करण्याचे कारण नाही; चित्रकार तरी न पाहिलेली झाडे काढीतच आले आहेत. पण छायाचित्राच्या पंक्तीत ते येऊन बसले तर डोळा एकटा त्याला ओळखू शकणार नाही. तेथे पुन्हा तेच विचारावे लागेल : हे केव्हा झाले, कशावर झाले, कोण कोठे उभे होते?

लेकॉकच्या ओकाबाबत ह्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देता येतात. त्याचे कागदी निगेटिव्ह लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत टॉल्बट यांच्या संग्रहात जपून ठेवलेले आहे. विल्टशायरमधील एका हिवाळ्यात त्या झाडाच्या भोवतालचा उजेड त्या कागदावर पडला आणि जेथे जेथे फांदी आड आली तेथे तेथे कागद उजळ राहिला. त्या चित्राचे सौंदर्य कोणालाही दिसेल. त्याचा हा इतिहासही शिकवावा लागतो, आणि आमच्या मते चित्र पाहावयास शिकविणाऱ्या प्रत्येक वर्गात तो पाच दृश्यघटकांच्या बरोबरीने, पहिल्याच दिवशी, शिकविला गेला पाहिजे.